हजार वर्षांपुढचे पुतळे

एप्रिल १९५८च्या 'ॲडव्हेंचर कॉमिक्स'मध्ये, म्हणजे त्या मासिकाच्या २४७व्या अंकात, तीन अनोळखी मुले स्मॉलव्हिल नावाच्या लहानशा अमेरिकन गावात येतात आणि क्लार्क केंट या शाळकरी पोराला 'सुपरबॉय' म्हणून हाक मारतात. मोठेपणी सुपरमॅन होणाऱ्या या मुलाने जिवापाड जपलेले गुपित त्यांना ठाऊक असते, कारण ती तिसाव्या शतकातून आलेली असतात. त्याचे गुपित हा त्यांच्या दृष्टीने हजार वर्षांपूर्वीचा इतिहास. ती त्याला आपल्या काळात घेऊन जातात, परीक्षा घेतात, नापास झालास म्हणून हिरमुसला करतात आणि शेवटी ही सगळी नव्या सभासदाची थट्टा होती असे सांगून आपल्या मंडळात सामील करून घेतात. मंडळाचे नाव 'लीजन ऑफ सुपरहीरोज'. लेखक ऑटो बाइंडर, चित्रकार अल प्लॅस्टिनो, संपादक मॉर्ट वाइझिंगर.

गोष्ट एका अंकापुरतीच होती. पण वाचकांना ही मुले आवडली, ती पुन्हा पुन्हा येत राहिली आणि सप्टेंबर १९६२च्या ३००व्या अंकापासून त्यांचे नियमित सदर सुरू झाले. चुंबकशक्तीचा कॉस्मिक बॉय, मने वाचणारी सॅटर्न गर्ल आणि विजेचे लोळ फेकणारा लाइटनिंग लॅड हे मूळचे तिघे. पुढे सभासदसंख्या विसाच्या वर गेली. मालिका अनेकदा बंद पडली, नव्याने सुरू झाली, पण तिचा धागा तुटला नाही. काळातून प्रवास करणाऱ्या महावीरांच्या संघाची कथा कशी सांगायची, याचे बहुतेक कल्पनाबंध या मालिकेत घडले किंवा घासूनपुसून पक्के झाले. लोककथेच्या अभ्यासकांचा 'कल्पनाबंध' हा शब्द मी इथे मुद्दाम वापरते आहे. राक्षसाचा जीव पोपटात असणे हा जसा एक बंध, तसेच हेही. फरक एवढाच, की लोककथेतला बंध कुणी आणि का घडवला हे सापडत नाही; इथे मात्र अंकाचा महिना, लेखकाचे नाव आणि संपादकाची अडचण, तिन्ही समोर असतात. ते सगळे शेजारी ठेवून वाचले, की हे बंध विज्ञानातून आलेले नाहीत हे उघड होते. ते छापखान्याच्या गरजेतून आले. आणि म्हणूनच हजार वर्षांपुढच्या या कथा आपल्याला सांगतात त्या विसाव्या शतकातल्या अमेरिकेविषयी.

पहिला बंध: घडलेले बदलत नाही. डिसेंबर १९६०च्या 'सुपरबॉय' मासिकात, अंक ८५मध्ये, सुपरबॉय १८६५ सालात जातो तो अब्राहम लिंकनचे प्राण वाचवण्यासाठी. तिथे त्याची गाठ पडते भविष्यातून पळून येऊन लपलेल्या प्रौढ ल्यूथरशी. हा आपल्यालाच पकडायला आला आहे, अशा समजुतीने ल्यूथर त्याला जखडून ठेवतो. तेवढ्यात नाट्यगृहात गोळी सुटते. आपण कशाला कारण झालो हे कळल्यावर खलनायक ल्यूथरही हादरतो. वरवर पाहता ही नियतीची कथा आहे. पण तिच्यामागे साधा व्यवहार आहे. लिंकन वाचला तर पुढच्या महिन्याचा अंक कोणत्या अमेरिकेत घडवायचा? मासिकाला वाचकाच्या ओळखीचे जग राखावेच लागते.

स्वतंत्र कथेवर हे बंधन नसते. जयंत नारळीकरांनी गंगाधरपंतांच्या कथेत पानिपतावर विश्वासरावांना वाचवले, मराठ्यांना जिंकवले आणि त्या दुसऱ्या हिंदुस्थानात आपल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना हिंडवून आणले. ती कथा तिथे संपते. उद्याच्या अंकाची जबाबदारी तिच्यावर नसते. मासिक मालिकेतल्या कालप्रवाशाला ही मोकळीक कधीच मिळाली नाही.

दुसरा बंध विस्मरणाचा. सुपरबॉयच्या कथा छापल्या जात होत्या त्याच काळात प्रौढ सुपरमॅनच्या कथाही शेजारच्या मासिकांत येत होत्या. म्हणजे या मुलाचे पुढे काय होणार हे दुकानात उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या गिऱ्हाइकालाही माहीत होते. माहीत नव्हते ते फक्त त्याला स्वतःला. लीजनच्या सभासदांना तर त्याचे सारे चरित्र पाठ. त्याचे पालक केव्हा जाणार, हेसुद्धा. असा मित्र घरी परतताना काय काय घेऊन जाईल? तोडगा निघाला तो सॅटर्न गर्लच्या शक्तीतून. आपल्या काळात परतताच स्वतःच्या भविष्याविषयी कळलेले तो विसरून जाईल, अशी संमोहनाची आज्ञा ती त्याच्या मनात रुजवून ठेवते. युक्ती संपादकीय गैरसोय टाळण्यासाठी होती, यात शंका नाही. तरी तिच्यातून एक हृद्य गोष्ट जन्माला आली. त्याच्या आईवडिलांचे मरण ठाऊक असलेली ही मुले त्याच्याशी हसतखेळत वागतात आणि ते ओझे त्याच्याऐवजी स्वतः वाहतात.

तिसरा बंध भाकिताचा. जानेवारी १९६३च्या ३०४व्या अंकात सॅटर्न गर्लला कळते, की येऊ घातलेल्या लढाईत मंडळातला एक जण मरणार. ती लबाडीने नेतेपद मिळवते आणि इतरांना शक्ती वापरण्याची बंदी करते. सगळ्यांना ती हुकूमशहा वाटू लागते. खरे कारण असे, की मरायचेच असेल तर ते आपल्या वाट्याला यावे. लाइटनिंग लॅड हे ओळखतो, तिच्या आधी पुढे होतो आणि मरतो. आठ महिन्यांनी, ३१२व्या अंकात, एडमंड हॅमिल्टनने त्याला परत आणले. पण फुकट नाही. सगळे मित्र हातात विद्युद्वाहक सळ्या धरून वादळात उभे राहतात. ज्याच्या सळीवर वीज पडेल त्याचा जीव जाईल आणि त्याच्या बदल्यात लाइटनिंग लॅड उठेल. सॅटर्न गर्ल आपली सळी अशी निवडते, की वीज तिच्यावरच यावी. प्रत्यक्षात तिचे रूप घेऊन तिच्या जागी उभा राहतो तो प्रोटी, मंडळातल्या एका मुलाने पाळलेला, रूप बदलणारा लहानसा जीव. मुलांच्या मासिकात मृत्यूचा असा चोख हिशेब त्या काळी क्वचितच मांडला जाई. भाकीत टळत नाही, पण ते कुणी अंगावर घ्यायचे हे माणूस ठरवू शकतो. त्या काळातल्या लीजनच्या चांगल्या कथा याच फटीत उभ्या आहेत.

वर्षभराने आणखी एक बंध आला. फेब्रुवारी १९६४च्या ३१७व्या अंकात टाइम ट्रॅपर नावाच्या खलनायकाने काळात एक अडसर उभा केला. त्यापलीकडच्या, म्हणजे स्वतःच्या भविष्यात लीजनला जाता येईना. या अडसराचे नाव होते 'काळाचा पोलादी पडदा'. बर्लिनची भिंत उभी राहून तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. हजार वर्षांनंतरच्या जगातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट सुचवायला लेखकाला वर्तमानपत्रातलाच शब्द पुरला.

पडद्यापलीकडचे दृश्य वाचकांना दाखवले ते जिम शूटरने. पिट्सबर्गच्या या मुलाने तेराव्या वर्षी घरच्या ओढगस्तीला हातभार म्हणून स्वतः लिहून, पानांचे आराखडे काढून कथा पाठवल्या होत्या. त्याची पहिली कथा जुलै १९६६च्या ३४६व्या अंकात छापून आली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. मार्च आणि एप्रिल १९६७च्या दोन अंकांत (३५४ आणि ३५५) त्याने प्रौढ सुपरमॅनला प्रौढ झालेल्या लीजनच्या भेटीला पाठवले. तिथे मृत सभासदांचे पुतळे आहेत. त्यांत फेरो लॅडचा पुतळा होता. तो नुकताच, ३५३व्या अंकात, सूर्य गिळणाऱ्या ढगात बॉम्ब घेऊन शिरला आणि मेला होता. पण शेजारी आणखी पुतळे होते, आणि ते होते मालिकेत अजून जन्मालाच न आलेल्या वीरांचे. एकाचे नाव केमिकल किंग. सातवे महायुद्ध टाळताना तो मरण पावला, अशी नोंद.

हा केमिकल किंग ऑगस्ट १९६८च्या ३७१व्या अंकात प्रत्यक्ष अवतरला. वाचकाने त्याला भेटण्याआधी त्याचा पुतळा पाहिलेला. पुढची नऊ वर्षे तो मालिकेत बहुधा मागच्या रांगेत उभा राहिला आणि १९७७ साली, दुसऱ्या लेखकांच्या हातून, ठरल्याप्रमाणे ते महायुद्ध टाळताना मेला. पंधरा वर्षांच्या मुलाने एका चौकटीत लिहून ठेवलेली ओळ दहा वर्षांनी मोठ्या माणसांनी पाळली. १९८३मध्ये ते प्रौढ भविष्य अनेक शक्यतांपैकी फक्त एक होते, असा खुलासा मालिकेत आला. केमिकल किंगला त्याचा उपयोग नव्हता.

फेरो लॅडची गोष्ट इथे नीट सांगायला हवी. लोखंडी मुखवट्याआड चेहरा असलेला हा मुलगा शूटरच्या पहिल्याच कथेत, जुलै १९६६मध्ये आला. त्याच महिन्याची तारीख असलेल्या 'फँटॅस्टिक फोर'च्या ५२व्या अंकात मार्व्हलने ब्लॅक पँथर हा आफ्रिकी वीर आणला होता. मुखवट्याआडचा फेरो लॅडही कृष्णवर्णीय असावा अशी शूटरची कल्पना होती आणि दक्षिणेकडच्या राज्यांत अंक विकले जाणार नाहीत या भीतीने वाइझिंगरने ती नाकारली, असे शूटरने पुढे मुलाखतींत सांगितले आहे. लीजनमध्ये हिरव्या कातडीचा ब्रेनिॲक ५ होता, नारिंगी कॅमेलिऑन बॉय होता, पुढे निळी शॅडो लॅस आली. पण हजार वर्षांनंतरच्या पृथ्वीवरून काळा माणूस नाहीसा झालेला होता. मंडळात पहिला कृष्णवर्णीय वीर, टायरॉक, आला तो १९७६ साली. मालिका सुरू होऊन अठरा वर्षे झाल्यावर. आणि इतकी वर्षे हे लोक होते कुठे, याचे उत्तर म्हणून मार्झाल नावाचे जगापासून फटकून राहणारे एक बेट दाखवण्यात आले. टायरॉकची पहिली कथा ज्याने रेखाटली त्या माइक ग्रेलनेच पुढे या कल्पनेवर सडकून टीका केली.

विस्मरण, भाकीत, पोलादी पडदा हे बंध लेखकांनी जाणून रचले. हा बंध मात्र न लिहिलेला होता, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मजबूत ठरला. लिंकनला वाचवता येत नाही हा नियम कथेत उघड सांगितला जातो. लिंकनच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनीही एका काळ्या मुलाला मुखवटा काढता येत नाही, हा नियम कथेत कुठेच सांगितलेला नाही. तो वितरणाच्या हिशेबात होता. अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा १९६४मध्ये झाला, मतदानाच्या हक्काचा १९६५मध्ये. तिसावे शतक त्यांच्याही मागे राहिले.

याच सुमारास भविष्याचा रंगही पालटला. १९८१च्या जानेवारी-फेब्रुवारीत ख्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांनी 'एक्स-मेन'च्या १४१ आणि १४२ या अंकांत दाखवलेले भविष्य होते २०१३ सालचे: बंदिस्त छावण्या, यंत्रांचे राज्य, ओळीने थडगी. तिथली एक स्त्री आपले मन भूतकाळातल्या स्वतःच्याच किशोरवयीन शरीरात पाठवते, ती एक हत्या टाळण्यासाठी. लीजनचे भविष्य हजार वर्षे दूर आणि आश्वासक होते. हे बत्तीस वर्षांवर, वाचकाच्या हयातीतले होते आणि ते टाळायचे होते. मधल्या काळात व्हिएतनाम आणि वॉटरगेट होऊन गेले होते.

लीजनवरचा शेवटचा मोठा घाव कुठल्या खलनायकाने घातला नाही. १९८५-८६मध्ये प्रकाशकाने आपल्या सगळ्या मालिकांची फेरमांडणी केली आणि १९८६मध्ये जॉन बर्नने सुपरमॅनचे चरित्र नव्याने लिहिले. त्यात क्लार्क केंट लहानपणी सुपरबॉय झालाच नव्हता. म्हणजे ज्याच्या आदर्शावर तिसाव्या शतकातल्या मुलांनी मंडळ काढले, तोच कधी अस्तित्वात नव्हता. लेखकांनी १९८७मध्ये तोड काढली: आजवर भेटत आलेला सुपरबॉय टाइम ट्रॅपरने रचलेल्या एका छोट्या, बंद विश्वातला होता. हे कळल्यावरही तो मित्रांच्या बाजूने लढतो आणि सप्टेंबर १९८७च्या अंकात मरतो. १९९४ साली तर मालिकाच पहिल्यापासून सुरू करण्यात आली. दहा वर्षांनी पुन्हा एकदा.

त्या मरणाकडे मी केवळ प्रकाशकाची रफू म्हणून पाहू शकत नाही. घडलेले बदलत नाही, या नियमावर जी मालिका तीस वर्षे चालली, तिच्यात कचेरीतल्या एका निर्णयाने घडलेले पुसून गेले. लिंकनला जे मिळाले नाही ते लेखणीच्या फटकाऱ्याने साधले, फक्त उलट्या दिशेने. तरीही लेखकांनी त्या मुलाला गुपचूप गाळले नाही. आपण कुणाच्या इतिहासात नाही हे कळल्यानंतर काय करायचे, हे त्याचे त्याला ठरवू दिले. सॅटर्न गर्लने १९६३मध्ये आणि केमिकल किंगने १९७७मध्ये तेच केले होते. फेरो लॅडला मरण स्वतः निवडता आले. चेहरा मात्र नाही.

म्हणून या मालिका वाचताना कालयंत्र कसे चालते हा प्रश्न मला गौण वाटतो. प्रत्येक भविष्यकथेला दोन प्रश्न विचारावेत: इथे काय बदलायची मनाई आहे, आणि इथे कोण दिसत नाही? पहिल्याचे उत्तर कथेतच मिळते. दुसऱ्यासाठी अंकाची तारीख पाहावी लागते.