मस्क कीटोन

नायट्रो कस्तुरी वर्गातील कृत्रिम गंधद्रव्य. फिकट पिवळे स्फटिक, वितळबिंदू सु. १३५° से.; रेणुभार २९४.३. रेणूत कार्बनचे १४, हायड्रोजनचे १८, नायट्रोजनचे २ व ऑक्सिजनचे ५ अणू असतात. पाण्यात जवळजवळ अविद्राव्य, बेंझिल बेंझोएटात विद्राव्य. गंध गोडसर, मऊ आणि रेंगाळणारा. नायट्रो कस्तुरींपैकी याचाच गंध नैसर्गिक कस्तुरीला सर्वांत जवळचा मानतात.

कस्तुरीमृगाच्या कस्तुरीतील मुख्य गंधघटक मस्कोन. त्याच्या रेणूत १५ कार्बन अणूंचे मोठे वलय असते, तर मस्क कीटोनमध्ये साधे बेंझीन वलय. कीटोन गट सोडला तर दोन्ही रचनांत साम्य नाही, तरीही नाकाला दोन्ही कस्तुरीच वाटतात. मानवी नाकातील एकच गंधग्राही प्रथिन दोहोंना प्रतिसाद देते, असे अलीकडील संशोधनात दिसले आहे. गंध व रेणुरचना यांच्या संबंधाचा अभ्यास करणाऱ्यासाठी याहून उद्बोधक जोडी क्वचितच सापडेल.

आल्बर्ट बाउर यांना १८८८ मध्ये स्फोटकांवरील संशोधनात कस्तुरीगंधी नायट्रो संयुग मिळाले. मस्क कीटोन हा त्याच मालिकेतील पुढचा शोध (१८९४).

निर्मिती : मेटा-झायलीनला ॲल्युमिनियम क्लोराइडाच्या साहाय्याने तृतीयक ब्यूटिल गट जोडतात, नंतर ॲसिटिल क्लोराइडाने ॲसिटिलीकरण व शेवटी धूमायमान नायट्रिक अम्लाने कमी तापमानास नायट्रीकरण करतात. ही शेवटची पायरी नाजूक असते. ॲसिटिल गटाच्या जागी तिसरा नायट्रो गट बसल्यास मस्क कीटोनऐवजी मस्क झायलीन हाती येते. ते स्वस्त, पण गंधाने भरड.

उपयोग : अत्तरे, साबण व प्रसाधनांत गंध आणि स्थिरक म्हणून.

पर्यावरण : मेदात विरघळत असल्याने व सहज विघटित होत नसल्याने ते जलचरांच्या शरीरात साठते. टोकियोजवळच्या तामा नदीतील माशांत मस्क झायलीन व मस्क कीटोन आढळल्याची नोंद १९८१ मध्ये झाली. पुढे मानवी दुधातही अंश सापडले. मानवी आरोग्यावरील परिणामांबाबत एकमत नाही. युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशानुसार उंची अत्तरांत १.४%, ओ द त्वालेतमध्ये ०.५६% व इतर प्रसाधनांत ०.०४२% अशी कमाल मर्यादा घातली. तोवर बहुतेक उत्पादक गॅलॅक्सोलाइडसारख्या बहुवलयी कस्तुरींकडे वळले होते.