कानशीला धार कोण लावतं?

यंदा खंडेनवमीला आईने माळ्यावरची आजोबांची हत्यारांची पेटी खाली काढायला लावली. एरवी आमच्याकडे त्या दिवशी लॅपटॉपला आणि बाइकला हळदकुंकू लागतं आणि विषय संपतो. या वेळी पेटीतून पक्कड, रंधा, दोन पटाश्या, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, एक खडूचा तुकडा (हा कशाला ठेवला असेल कोण जाणे) आणि एक जुनी करवत निघाली. दाते बोथट, पात्यावर गंज, पण लाकडी मूठ वापरून वापरून गुळगुळीत झालेली. पूजा झाल्यावर ती परत माळ्यावर टाकणं जिवावर आलं. म्हटलं, वीकेंड आहे, हिला धार लावून बघू.

हार्डवेअरच्या दुकानातून तिकोनी कानस आणली. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कानस म्हणजे फाइल. आपली कॉपी-पेस्टवाली नव्हे, लोखंड घासायची.) पहिला प्रयोग आजोबांच्या करवतीवर नको, आधी माझ्या करवतीवर करू, असं शहाणपण सुचलं. माझी करवत म्हणजे चार वर्षांपूर्वी घेतलेली, प्लास्टिकच्या मुठीची, दात्यांची टोकं निळसर काळी. खाचेत कानस ठेवून ढकलली तर अंगावर काटा येईल असा आवाज! दहा-बारा हात मारून पाहिलं. करवतीला काहीही झालं नव्हतं. कानशीची कड मात्र चकाकायला लागली होती.

चकाकणारी कानस म्हणजे मेलेली कानस, हे मला दुकानदार काकांनी सांगितलं. वर हसत म्हणाले, "अरे, ती निळ्या दात्यांची करवत घासायची नसते. वापरायची आणि फेकायची."

वापरायची आणि फेकायची. हे काही डोक्यातून जाईना. आजोबांची करवत घासायची आणि माझी फेकायची, हा बदल मध्ये कधी झाला? शोधायला गेलो करवतीचा इतिहास आणि हाती लागला कानशीचा.

आधी थोडं तांत्रिक सांगतो, पुढे लागेल. करवतीचा प्रत्येक दाता म्हणजे एक चिमुकली पटाशी. लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेने चिरायचं असेल तर दाते काटकोनात, सरळ घासतात. रेषांना आडवं कापायचं असेल तर कानस तिरकी धरतात, मग दात्याची कड चाकूसारखी होते आणि लाकडाचे तंतू कापत जाते. शिवाय दाते आलटून पालटून डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे काप पात्यापेक्षा थोडा रुंद पडतो आणि करवत अडकत नाही. आणि दोन दात्यांमधली खाच सहसा ६० अंशांचीच का? तर त्यामागे लाकडाचं शास्त्र वगैरे काही नाही. तिकोनी कानस हा समभुज त्रिकोण, त्याचा कोन ६० अंश, म्हणून खाचही ६० अंशांची. म्हणजे करवतीचा दाता कसा असावा हे कानशीने ठरवलं!

ही पद्धत जुनी आहे. लंडनच्या जोसेफ मॉक्सन या छापखानेवाल्याने १६७८ पासून कारागिरीवर एक पुस्तक भागाभागांनी छापायला सुरुवात केली (त्या काळचा ब्लॉगच म्हणा). त्यात करवत घट्ट बसवून तिकोनी कानशीने दाते घासायची आणि ते वाकवायची रीत दिली आहे. आजोबांनी जे केलं असेल ते जवळपास तेच.

हे सगळं चालत होतं एका साध्या करारावर. करवतीचं पोलाद लाकूड कापण्याइतकं कडक हवं, पण कानशीपेक्षा मऊ. रॉकवेल सी मापाने बोलायचं तर चांगल्या जुन्या करवतीचं पातं ५० च्या आसपास आणि कानस ६० च्या वर. करवत बनवणारा जणू म्हणायचा की ही बोथट होणार हे मला माहीत आहे, पण तुला ती परत धारदार करता यावी अशीच मी बनवली आहे.

इथपर्यंत ठीक. करवतीला धार कानस लावते. मग कानशीला धार कोण लावतं?

कानशीचं जगातलं सगळ्यात मोठं माहेरघर म्हणजे इंग्लंडमधलं शेफील्ड. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने तिथे मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद बनवायची पद्धत बसवली आणि उत्तम हत्यारांसाठी त्या शहराचं नाव झालं. पण पोलाद कितीही चांगलं असो, कानशीचे दाते पाडले जायचे हातानेच. एकेक करून.

पद्धत अशी. पोलादाची पट्टी तापवून मऊ करायची, घासून साफ करायची आणि पट्ट्याने जखडून ठेवायची. पट्ट्याचं दुसरं टोक पायाने दाबून धरायचं. एका हातात आखूड छिन्नी, दुसऱ्यात मोठा जड हातोडा. एक घाव, एक दाता. घाव बसला की छिन्नीच्या पुढ्यात धातूची बारीक कड उचलली जाते. पुढच्या घावासाठी छिन्नी त्या कडेला लागेपर्यंत सरकवायची आणि पुन्हा घाव. डोळ्यांपेक्षा बोटांचं काम जास्त. सराईत माणूस सेकंदाला साधारण एक घाव घालायचा, दिवसभर. एका कानशीवर शेकडो, बारीक कानशीवर हजारोंनी दाते. मग पुन्हा तापवून, मिठाच्या पाण्यात बुडवून पोलादाला पाणी द्यायचं.

एका बाजूचे दाते पाडून झाले की पट्टी उलटायची. पण खाली ऐरण असेल तर नुकतेच पाडलेले दाते चेचले जाणार. म्हणून कानशीखाली शिशाचा ठोकळा ठेवत. शिसं मऊ, दाते त्यात रुतून सुरक्षित राहतात. दाते वाचायचे, माणूस वाचायचा नाही. प्रत्येक घावाला शिशाची धूळ उडायची. छिन्नी नीट धरता यावी म्हणून कारागीर बोटं जिभेने ओली करायचे. त्याच हातांनी तिथेच जेवायचे. पोटात कळा यायच्या, आणि काही वर्षांनी मनगटं लुळी पडायची. ज्या बोटांवर सगळी कला, तीच जायची. शेफील्डच्या आसपासच्या खेड्यांत घरामागच्या शेडमध्ये बायका आणि मुलंसुद्धा हेच काम करत.

कानस जपून का वापरायचे ते इथे कळतं. प्रत्येक कानशीत कुणाचे तरी हजारो घाव असायचे आणि त्या मजुरीमुळे ती महाग असायची. म्हणून घासून गेलेल्या मोठ्या कानशी फेकत नसत, परत पाठवत. तापवून मऊ करायच्या, जुने दाते घासून काढायचे, नवे पाडायचे, पुन्हा पाणी द्यायचं. दर खेपेला कानस थोडी बारीक व्हायची, इतकंच. म्हणजे कानशीलाही धार लावत होते. ती लावत होता दुसरा माणूस, आपल्या मनगटांच्या बदल्यात.

आता तुम्ही म्हणाल, यासाठी मशिन का नाही बनवलं? बनवलं होतं ना! निदान कागदावर तरी. लिओनार्दो दा विंचीच्या मिलानमध्ये जपलेल्या कागदपत्रांत साधारण १४८० च्या सुमाराचं एक चित्र आहे. वजन खाली उतरत जातं, त्यावर हातोडा आपोआप उठतो आणि पडतो, आणि स्क्रू कानशीला पुढे सरकवत राहतो. कागदावर एकदम परफेक्ट. त्यानंतर साडेतीनशेहून जास्त वर्षं अनेकांनी यंत्रं केली. काहींनी दातेही पाडले. पण कारागीर ती कानस एकदा हातात धरत आणि परत देत. चालत नाही म्हणत.

यात कारागिरांचा स्वार्थ होता का? असणारच. पण ते खोटं बोलत नव्हते. यंत्राची कानस खरंच नीट चालत नव्हती, आणि त्याचं एक मोठं कारण वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. यंत्राचे दाते फार सारखे होते! सगळे दाते अगदी समान अंतरावर असले की मागचा दाता पुढच्याने पाडलेल्या चरातच जाऊन पडतो. कानस थरथरते, पृष्ठभागावर लाटा उमटतात. हाताने पाडलेल्या दात्यांत केसभर फरक असायचा, म्हणून एकाने सोडलेलं दुसरा कापायचा. ज्याला आपण माणसाची चूक म्हटलं असतं ते खरं तर फीचर होतं, बग नव्हे.

अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावच्या विल्यम निकल्सनने हे यंत्रात उतरवलं. १८६४ साली त्याने कंपनी काढली. त्याच्या यंत्राने दात्यांमधलं अंतर मुद्दामच थोडंथोडं बदलत नेलं. १८७८ साली कंपनीने कानशींवर आख्खं पुस्तक छापलं, त्यातही या मुद्द्यावर भर आहे. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. सर्व्हर पडला की सगळ्या क्लायंटनी बरोबर पाच-पाच सेकंदांनी रिट्राय केलं तर तो परत पडतो, म्हणून प्रत्येकाच्या वेळेत थोडा रँडम फरक घालतात. निकल्सनने तेच केलं, पोलादात. :)

पुढचं चटकन झालं. १८६६ साली शेफील्डच्या कानस कामगारांनी मोठा संप केला, काही महिने चालला. मागणी मजुरी वाढवायची होती, पण यंत्रांचं सावट होतंच. मालकांना यंत्रं आणायला निमित्त मिळालं. तरी हाताचं काम लगेच संपलं नाही. १९०३ साली ब्रिटिश सरकारने हाताने कानशी पाडण्याच्या जागांसाठी वेगळे नियम केले, म्हणजे तोवर शिशाच्या ठोकळ्यावर माणसं बसतच होती.

यंत्रामुळे कानस स्वस्त झाली. इतकी की जुनीला नवे दाते पाडून घेण्यापेक्षा नवी घेणं परवडायला लागलं. कानशीची दुसरी, तिसरी धार तिथे संपली. मग करवतीची पाळी आली. कानस स्वस्त, पण करवत घासायला बसणाऱ्या माणसाचा तास महाग. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दात्यांची फक्त टोकं विजेने क्षणभर तापवून कडक करायची युक्ती बाजारात आली. माझ्या करवतीचा निळसर काळा रंग तोच. ते दाते खूप दिवस टिकतात, पण ते कानशीइतकेच कडक, त्यामुळे कानस त्यांना लागतच नाही. तो जुना करार तिथे मोडला.

आता इथे "गेले ते दिवस" असा सूर लावायचा मोह होतो. पण तो मी गिळला. आजोबांच्या काळातली वस्तू टिकवायची सवय मला आवडते, पण शिशाच्या ठोकळ्यापाशी बसलेल्या बाईला विचारलं तर ती यंत्राच्याच बाजूने बोलेल. दुरुस्ती स्वस्त होती, कारण दुरुस्ती करणारा स्वस्त होता. हे विसरून जुन्याचं कौतुक करणं मला तरी बरोबर वाटत नाही. फक्त एक राहून राहून वाटतं. यंत्राने कानस स्वस्त केली, ती वाया घालवायला सांगितलं नव्हतं. ते आपण आपलं आपण ठरवलं.

असो. दुसरी कानस आणली. (आपल्या रत्नागिरीत कित्येक वर्षं कानशी बनतात, हे मला या भानगडीत कळलं.) या वेळी आधी विचारून घेतलं. कानस अशी निवडायची की करवतीचा दाता तिच्या बाजूच्या अर्ध्या रुंदीपेक्षा कमी जागा घेईल. मग ती फिरवून तिन्ही कडा वेगवेगळ्या वापरता येतात. फक्त पुढे जाताना दाब द्यायचा, मागे आणताना उचलायची. नुसती घसरू द्यायची नाही, कापत नसेल तर थांबायचं. दात्यांत अडकलेला कीस वायर ब्रशने काढायचा. आणि कानशी एकमेकींवर आपटतील अशा ठेवायच्या नाहीत, त्या एकमेकींचे दाते खातात.

आणि हो, कीस अडकू नये म्हणून कानशीवर आधी खडू घासायचा.

हे ऐकल्यावर मी घरी येऊन पेटीतलं ते फडकं उघडलं. आत आजोबांची तिकोनी कानस होती. दोन कडा चकाकणाऱ्या, तिसरी अजून चांगली, आणि दात्यांत पांढरी भुकटी. तिनेच करवत घासली. नवी कानस अजून कागदातच आहे.

करवत कापते आता. थोडी डावीकडे जाते, पण तो दोष माझा.