चहागृहवाल्यांचे गणकयंत्र

एखाद्या पेढीने आपल्या दफ्तरातील गणकयंत्रे बदलण्याचे मनात आणले, की तिच्या योजनेचा आरंभ बहुधा यंत्रांच्या दरपत्रकापासून होतो. कोणत्या कारखान्याचे यंत्र, किती शक्तीचे, किती मुदतीच्या हमीचे, याचा निर्णय झाला म्हणजे त्यावर चालणाऱ्या आज्ञावलींचा विचार होतो. आणि ज्या कामासाठी हा सारा खटाटोप, ते काम आज कोण करतो, कसे करतो आणि मुळात कशासाठी करतो, याची चौकशी सर्वांच्या शेवटी, तीही काहीतरी अडल्यावर होते. हा क्रम उलटा आहे हे सर्वांना कळते, तरी तो मोडत नाही. म्हणूनच ज्या पेढीने हा क्रम आरंभीच सुलटा लावला, आणि तोही अशा काळी की जेव्हा विकत घेण्याजोगे गणकयंत्र बाजारात नव्हतेच, तिचा इतिहास जरा तपशिलाने पाहण्यासारखा आहे. ती पेढी बँक नव्हती की विमा कंपनी नव्हती; लंडनच्या रस्त्यांवर चहा, पाव आणि केक विकणारी जे. लायन्स आणि कंपनी ती हीच.

लायन्सचे पहिले चहागृह १८९४ साली पिकॅडिलीत उघडले, आणि पुढील चाळीसएक वर्षांत या एका दुकानाचा केवढा पसारा झाला! सुमारे दोनशे चहागृहे, ‘कॉर्नर हाउस’ नावाची अनेक मजली भोजनगृहे, हॅमरस्मिथ भागातील कॅडबी हॉल येथे पाव-केकच्या प्रचंड भट्ट्या, शिवाय चहाची आणि आइस्क्रीमची घाऊक विक्री, असे हे एक लहानसे संस्थानच होते. राजवाड्यातील उद्यानमेजवान्यांचा बंदोबस्तही या पेढीकडे असे. तथापि तिचे खरे पोट भरत होते ते एक पेला चहा व एक बन घेऊन उठणाऱ्या किरकोळ गिऱ्हाइकावर, आणि अशा गिऱ्हाइकामागे नफा सुटे तो पेनीच्या एखाद्या अंशाएवढा. व्यवहार अगणित, प्रत्येक व्यवहार चिमूटभर, आणि माल असा की आज खपला नाही तर उद्या शिळा होणारा. अशा धंद्यात एका बनाच्या विक्रीची नोंद करण्याचा खर्च त्या बनावरील नफ्याहून अधिक झाला, तर पेढी विक्री वाढवीत वाढवीत बुडावयाची. जमाखर्च हा इतर पेढ्यांना धंद्याचा आरसा असेल. लायन्सला तो धंद्याचाच एक भाग होता, आणि कारकुनी खर्चात बचत करणे हे तिच्या दृष्टीने पिठात बचत करण्याइतकेच निकडीचे होते.

ही गोष्ट ज्याने नीट ओळखली तो मनुष्य जॉन सिमन्स. केंब्रिजच्या गणितपरीक्षेत वरच्या श्रेणीत उत्तीर्ण झालेला हा तरुण १९२३ साली लायन्सच्या कचेरीत दाखल झाला आणि क्रमाक्रमाने हिशेब खात्याच्या मुख्याधिकारपदाला पोहोचला. त्याच्या देखरेखीखाली १९३०नंतरच्या आरंभीच्या वर्षांत कार्यपद्धतींचे संशोधन करणारे एक स्वतंत्र खाते कंपनीत निर्माण झाले. त्या खात्याचे काम वरकरणी अगदी नीरस होते. एक कागद कोठे जन्मतो, किती टेबलांवरून फिरतो, कोण त्याची नक्कल करतो, त्या नकलेचा उपयोग कोणास होतो, आणि अखेर तो कोणत्या कप्प्यात विश्रांती घेतो, याचा पाठलाग करीत बसावयाचे; आणि जो कागद कोणाच्याच निर्णयाला उपयोगी पडत नाही तो निर्दयपणे बंद करावयाचा. सरकारी दफ्तरातील शिरस्तेदाराला हे खाते साक्षात शत्रूप्रमाणे वाटले असते. परंतु माझ्या मते लायन्सच्या गणकयंत्राची खरी योजना याच खात्यात, यंत्र नजरेच्या टप्प्यातही नसताना, पंधराएक वर्षे तयार होत होती.

१९४७ साली ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड आणि रेमंड थॉम्पसन या दोन अधिकाऱ्यांना अमेरिकेत धाडण्यात आले. युद्धकाळात तिकडच्या कचेऱ्यांनी कामाच्या काही नव्या रीती शोधल्या असतील तर त्या पाहून याव्यात, एवढाच मूळ हेतू होता. आणि तो हेतू जवळजवळ निष्फळ ठरला, कारण अमेरिकन कचेऱ्यांत शिकण्यासारखे फारसे काही नाही असेच या दोघांचे मत झाले. पण प्रिन्स्टन येथे गणकयंत्रांवर काम करणारे गणितज्ञ हर्मन गोल्डस्टाइन यांची भेट झाली, आणि तोफांच्या गोळ्यांचे मार्ग मोजण्यासाठी जन्मलेल्या विद्युत् गणकयंत्राकडे पावांचा आणि पगारांचा हिशेब का सोपवू नये, या प्रश्नावर दोन्ही पक्षांचे चांगलेच जमले. गमतीचा भाग असा, की ज्या शोधासाठी समुद्र ओलांडला त्याचा पत्ता गोल्डस्टाइन यांनी त्यांना घरच्याच वाटेवरचा दिला: केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स असेच एक यंत्र उभारीत होते.

परत आल्यावर त्यांनी संचालक मंडळापुढे जो अहवाल ठेवला, तो आजच्या कोणत्याही माहिती-तंत्रज्ञान विभागाने पुढे ठेवून गिरवावा असा होता. यंत्राला सुमारे एक लाख पौंड लागतील, आणि वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास बचत होईल, असा अंदाज त्यांनी मांडला. यंत्र तयार होऊन बाजारात येईपर्यंत थांबावे, एखाद्या कारखानदाराला ते करण्यास प्रवृत्त करावे, की आपणच ते बांधावे, हे पर्यायही चर्चेत आले. मंडळाने घाई केली नाही. प्रथम केंब्रिजच्या प्रयोगाला अडीच-तीन हजार पौंडांचे साहाय्य द्यावे आणि आपला अर्नेस्ट लेनार्ट्‌स हा तंत्रज्ञ तेथे पाठवावा, असे ठरले. आणि ते यंत्र खरोखर चालते असा दाखला मिळाल्यावरच स्वतःचे यंत्र बांधावयास घेण्याची तजवीज झाली. ६ मे १९४९ रोजी केंब्रिजच्या ‘एडसॅक’ने वर्गसंख्यांचा तक्ता छापून दाखविला, आणि कॅडबी हॉलमध्ये बांधणीची मंजुरी मिळाली. केकवाल्या कंपनीने गणकयंत्र बांधावे, यात लायन्सला स्वतःला मात्र काही विचित्र वाटले नसावे. चहाच्या पेट्यांपासून मोटारगाड्यांच्या दुरुस्तीपर्यंत पुष्कळ गोष्टी घरीच करण्याची तिची जुनी सवय होती.

या यंत्राचे नाव ‘लिओ’. त्याच्या बांधणीसाठी नेमलेल्या जॉन पिंकर्टन या भौतिकशास्त्रज्ञाने एक मोठे शहाणपण दाखविले, ते असे की विल्क्स यांच्या रचनेत सुधारणा करण्याचा मोह त्याने शक्य तितका आवरला. सुमारे सहा हजार निर्वात नलिका, पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्यांतून धावणाऱ्या ध्वनितरंगांत आकडे धरून ठेवणारी स्मृती, आणि दोन हजारांहून थोड्याच अधिक शब्दांची तिची साठवण. खोलीभर पसरलेल्या या अवाढव्य इमल्याची गणनशक्ती आजच्या खिशातल्या उपकरणापुढे हास्यास्पद आहे, पण त्या काळी ती भीती वाटण्याजोगी होती.

अडचण आली ती मात्र गणनेत आली नाही, ती आली दारात. शास्त्रज्ञाचे गणित आणि कचेरीचे गणित यांच्या प्रकृतीत मोठा भेद आहे. शास्त्रज्ञ थोडे आकडे आत घालतो, यंत्राला तासन्‌तास राबवितो, आणि थोडेच आकडे बाहेर काढतो. कचेरीत हजारो माणसांचे हजारो आकडे आत जावयाचे, प्रत्येकावर दोन-चार क्षुल्लक बेरजा-वजाबाक्या व्हावयाच्या, आणि पुन्हा तितकेच कागद छापून बाहेर पडावयाचे. विजेच्या वेगाने हिशेब करणाऱ्याला आकडे पुरविणारा दरवाजा अरुंद असेल तर तो वेग काय कामाचा? हे लायन्सने आधीच ताडले होते, आणि म्हणूनच आत-बाहेर ने-आण करण्यासाठी चुंबकीय फितीची एक अत्याधुनिक यंत्रणा तयार करण्याचे काम एका नामांकित दूरध्वनी-यंत्रांच्या कारखान्याकडे सोपविले होते. ती यंत्रणा भरवशाने चालेना. दुरुस्त्या झाल्या, मुदती वाढल्या, पुन्हा दुरुस्त्या झाल्या. अखेर ती टाकून देऊन छिद्रे पाडलेली कार्डे आणि कागदी फिती या जुन्या, कळकट, पण परिचित साधनांकडे वळावे लागले. सगळ्या योजनेत हा एकच भाग असा होता की जेथे लायन्सने सिद्ध न झालेल्या नावीन्यावर विसंबून राहावयाचे ठरविले, आणि सर्वांत मोठा विलंब नेमका तेथेच झाला.

तोवर यंत्राला रिकामे ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून ज्या कामात आकड्यांचा भार हलका आहे असे काम निवडण्यात आले: बेकरीत तयार झालेल्या मालाचे साप्ताहिक मूल्यांकन. नोव्हेंबर १९५१च्या अखेरीपासून हे काम दर आठवड्याला लिओवर नियमितपणे होऊ लागले, आणि कचेरीचे नित्याचे काम गणकयंत्राने चालविल्याचा जगातील पहिला दाखला म्हणून इतिहासकार याच कामाचा निर्देश करतात.

पगारपत्रकाची गोष्ट याहून गंभीर. पावाच्या मूल्यांकनात एक दिवसाचा उशीर झाला तर एखादा व्यवस्थापक कुरकुरेल. मजुराचे पाकीट शुक्रवारी मिळाले नाही तर भट्ट्या बंद पडतील. शिवाय प्राप्तिकर पगारातूनच कापण्याची नवी पद्धत युद्धकाळात आल्यामुळे हिशेब चांगलाच गुंतागुंतीचा झाला होता. डेव्हिड कॅमिनर हा या आज्ञावलींच्या रचनेचा प्रमुख. एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने ओळीओळीने तपासलीच पाहिजे, प्रत्येक टप्प्यावर बेरजांचा ताळमेळ यंत्राने स्वतःच घेतला पाहिजे, आणि मध्येच बिघाड झाला तर काम पहिल्यापासून न करता अलीकडच्या टप्प्यावरून पुढे चालविता आले पाहिजे, असे त्याचे कडक नियम होते. पुष्कळ आठवडे कारकुनांचे पगारपत्रक आणि यंत्राचे पगारपत्रक शेजारी शेजारी चालले, दोहोंचा पडताळा झाला, आणि १९५४च्या आरंभी जुनी पद्धत बंद करण्यात आली. अनुभवी कारकुनाला एका माणसाच्या पगाराचा हिशेब करावयास आठ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद लागे. हे आकडे प्रत्येक पुस्तकात येतात आणि चित्तवेधक आहेतही, परंतु शेजारी शेजारी चाललेले ते आठवडे मला अधिक महत्त्वाचे वाटतात. या दुहेरी खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात कोणालाच आवडत नाही, आणि यंत्रबदलाच्या योजनेत पहिली कात्री बहुधा तिलाच लागते.

या आज्ञावली लिहिणारी माणसे आली कोठून, हेही पाहावे. बाहेरून कोणी तज्ज्ञ मिळण्याची सोय नव्हती, कारण असे तज्ज्ञ जगात नव्हतेच. कंपनीने आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी एक कठीण अभ्यासवर्ग आणि चाचणी ठेवली. मेरी कूम्स ही फ्रेंच आणि इतिहास या विषयांची पदवीधर तरुणी आइस्क्रीम विक्रीच्या आकडेवारीचे काम करीत होती. ती त्या चाचणीतून निवडली जाऊन १९५२ साली लिओच्या मंडळीत आली, आणि व्यावसायिक गणकयंत्रासाठी आज्ञावली लिहिणारी पहिली स्त्री म्हणून तिचे नाव राहिले आहे. ज्याला काम ठाऊक त्याला यंत्र शिकविता येते, असा कंपनीचा विश्वास होता. कारकुनांच्या नोकऱ्यांचे काय, हा प्रश्न लायन्समध्ये फारसा पेटला नाही. आपल्याकडे तो असा पेटला, की १९६९ साली केंद्र सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली, आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. पण तो इतिहास स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

लिओच्या कामांत मला सर्वांत बुद्धिमान वाटते ते ऑक्टोबर १९५४पासून सुरू झालेले चहागृहांच्या मागणीचे काम. पूर्वी प्रत्येक चहागृहाची व्यवस्थापिका उद्याच्या मालाचे लांबलचक तक्ते रोज भरीत असे. नव्या पद्धतीत तक्ते रद्द झाले. आठवड्याच्या प्रत्येक वाराची त्या चहागृहाची कायम मागणी यंत्राकडे अगोदरच नोंदलेली असे, आणि व्यवस्थापिकेने ठराविक वेळी मुख्य कचेरीशी दूरध्वनीवर बोलून फक्त फरक सांगावयाचा: उद्या बन दोन डझन जास्त, फळांचे केक कमी. ऐकणारी मुलगी कानाला यंत्र लावून बोलता बोलता कार्डांवर छिद्रे पाडी. ती कार्डे लिओत जात, आणि थोड्याच वेळात कोणत्या गाडीत कोणता माल किती भरावयाचा याच्या याद्या बाहेर पडत. जुन्या कामालाच वेगवान यंत्र जोडले असते, तर व्यवस्थापिकेचे तक्ते अधिक झपाट्याने मोजले गेले असते, एवढेच. येथे तक्ताच नाहीसा झाला. सिमन्सच्या त्या नीरस खात्याची पंधरा वर्षांची कमाई ती हीच.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येईल, कारण तो धंद्याच्या इतिहासात वारंवार घडणाऱ्यांपैकी आहे. इतर कंपन्या चौकशी करू लागल्या, आणि नोव्हेंबर १९५४मध्ये ‘लिओ कॉम्प्युटर्स’ ही स्वतंत्र कंपनी निघाली. १९५७ साली अधिक वेगवान ‘लिओ दोन’ आले. १९६२ साली ट्रान्झिस्टरांचे, एका वेळी अनेक कामे चालविणारे ‘लिओ तीन’ आले. बारा पेन्यांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हा इंग्रजी नाण्यांचा विक्षिप्त हिशेब या यंत्राला थेट करता येई. आपण १९५७ सालीच रुपये-आणे-पै सोडून नव्या पैशांवर आलो होतो, इंग्रजांनी ते १९७१पर्यंत लांबविले. तेव्हा ही सोय त्यांना आवश्यकच होती. परंतु दर चार-पाच वर्षांनी नवे यंत्र निर्माण करण्याचा भार पाव-केकच्या नफ्यावर पेलणारा नव्हता. १९६३ साली ‘लिओ’ इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये विलीन झाली, आणि १९६८ साली अनेक ब्रिटिश गणकयंत्र-कंपन्यांच्या एकत्रीकरणातून जी आय.सी.एल. उभी राहिली तिच्या उदरात तिचा वारसा गेला. त्याच आय.सी.एल.ची भारतीय शाखा पुण्यात यंत्रांची निर्मिती करीत होती, एवढाच या कथेचा आपल्या भूमीशी दूरचा संबंध.

पहिले लिओ जानेवारी १९६५मध्ये कायमचे बंद झाले. पण ब्रिटिश टपाल खात्याने दूरध्वनीच्या बिलांसाठी घेतलेली लिओ तीन वर्गातील यंत्रे १९८१पर्यंत चालत राहिली. आणि त्यांच्या जागी नवी यंत्रे आणावयाची वेळ आली तेव्हा असे आढळले, की जुन्या आज्ञावली नव्याने लिहिण्यापेक्षा नव्या यंत्रानेच जुन्या यंत्राचे सोंग घेणे स्वस्त पडेल. तेव्हा आय.सी.एल.च्या कित्येक पट शक्तिमान यंत्रांना आपण लिओच आहोत असे वागण्याचे हुकूम अंतर्भागात भरून देण्यात आले, आणि यंत्रे बदलली तरी बिले पूर्वीच्याच आज्ञावलींवर निघत राहिली.