स्यूडोटर्मिनलच्या नावाचा शोध : सी लायब्ररीतील काही फंक्शनांचा इतिहास

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रांचा व त्यांच्या निर्मात्यांचा विचार विपुल झाला आहे. सी भाषेच्या लायब्ररीतील लहानसहान फंक्शनांकडे मात्र इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात स्यूडोटर्मिनलचे नाव शोधणाऱ्या फंक्शनांचा मागोवा घेतला आहे. नाव कोणी ठरवावे आणि त्यावर कितपत विसंबावे, हाच यातील मूळ प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

युनिक्समध्ये टर्मिनल म्हणजे प्रारंभी टेलिटाइप हे प्रत्यक्ष यंत्र होते. 'टीटीवाय' हे संक्षिप्त रूप त्यावरूनच आले. खुल्या टर्मिनलचे नाव सांगणारे 'टीटीवायनेम' हे फंक्शन १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आढळते. पुढे दूरस्थ लॉगिनसाठी यंत्राविना टर्मिनलची गरज भासू लागली. स्यूडोटर्मिनल ही जोडी असते. मास्टर बाजू नियंत्रक प्रोग्रामकडे राहते, तर स्लेव्ह बाजू शेलला खऱ्या टर्मिनलसारखी भासते. मास्टर उघडल्यावर तिच्या जोडीदाराचे नाव कसे कळावे?

१९८३ च्या ४.२ बीएसडीमधील उत्तर अगदीच ओबडधोबड होते. प्रोग्रामने 'पीटीवायपी०' पासून एकेक मास्टर उघडून पाहावा आणि मोकळा सापडला की 'पीटीवाय' च्या जागी 'टीटीवाय' घालून स्लेव्हचे नाव रचावे. लिनक्सने हीच पद्धत उचलली तेव्हा सोळा अक्षरे व सोळा अंक यांच्या २५६ जोड्या झाल्या. गैरसोयीपेक्षा धोका मोठा होता. स्लेव्ह फाइलची मालकी बदलण्याचा अधिकार केवळ रूटला असल्याने सामान्य प्रोग्राम ती सर्वांना खुलीच ठेवत. अशा वेळी दुसरा वापरकर्ता तीच फाइल उघडून टंकलेला पासवर्ड वाचू शकत असे.

सिस्टिम पाच, चौथ्या आवृत्तीने हा अंदाजाचा खेळ थांबवला. 'पीटीएमएक्स' ही एकच फाइल उघडायची, 'ग्रँटपीटी' ने मालकी द्यायची, 'अनलॉकपीटी' ने कुलूप काढायचे आणि 'पीटीएसनेम' ला नाव विचारायचे. कुलूप असेपर्यंत स्लेव्ह कोणालाच उघडता येत नाही, हे महत्त्वाचे. पुढे एकीकृत युनिक्स मानकाने ही फंक्शने स्वीकारली व १९९९ मध्ये ग्नू लायब्ररीच्या २.१ आवृत्तीने ती लिनक्सवर आणली.

तथापि 'पीटीएसनेम' आपले उत्तर एकाच सामायिक जागेत ठेवू शकते. दोन थ्रेडांनी एकाच वेळी विचारले, तर एकाच्या हाती दुसऱ्याचे नाव पडण्याचा संभव असतो. म्हणून ग्नू लायब्ररीने जागा व तिचा आकार विचारणाऱ्याकडूनच घेणारे 'पीटीएसनेम_आर' दिले. पॉझिक्स मानकात ते थेट २०२४ साली आले! बीएसडीचे 'ओपनपीटीवाय' नावासाठी जागा मागते, पण तिचा आकार विचारत नाही. हा वापर सुरक्षित नसल्याची कबुली लिनक्सची माहितीपुस्तिकाच देते.

कंटेनरांच्या काळात नावाचा पायाच डळमळला. लिनक्सवर 'पीटीएसनेम' कर्नलकडून क्रमांक घेऊन त्याआधी डिरेक्टरीचे नाव जोडते. परंतु वेगळ्या फाइल-अवकाशात तोच क्रमांक भलत्याच टर्मिनलचा असू शकतो. यावर २०१७ च्या ४.१३ कर्नलने मास्टरवरूनच स्लेव्ह उघडण्याची सोय केली. तीत नाव लागतच नाही. 'टीटीवायनेम' ला मात्र असा मार्ग नाही. कंटेनरबाहेरून आलेल्या टर्मिनलबद्दल त्याला आत विचारले, तर टर्मिनल व्यवस्थित चालू असूनही नाव सापडत नाही, एवढेच उत्तर मिळू शकते.