मॅच गोळी

मॅच गोळी : लक्ष्यावरच्या नेमबाजीसाठी बनवलेली रायफलची गोळी. तिच्या बनावटीत एकसारखेपणाला सर्वांत जास्त महत्त्व असते. या नोंदीत ‘गोळी’ म्हणजे काडतुसाच्या तोंडाशी बसवलेला आणि नळीतून सुटणारा भाग. स्वतः काडतुसे भरणारे नेमबाज अशा गोळ्या सुट्या घेतात आणि आपल्या रायफलीला मानवणारी दारू, केस (काडतुसाचे कवच) व प्रायमर (दारू पेटवणारा भाग) यांच्या जोडीने बसवतात. वजन ग्रेनमध्ये मोजतात (१ ग्रेन = सु. ०.०६४८ ग्रॅम).

रचना : आत शिशाचा गाभा आणि बाहेर तांबे व थोडे जस्त यांच्या मिश्रधातूचे पातळ जॅकेट. जॅकेट बुडाच्या बाजूने ओढून घडवतात, त्यामुळे बूड बंद व रेखीव राहते आणि नाकाच्या टोकाला बारीक छिद्र उरते. अचूकतेच्या दृष्टीने बूड निर्णायक असते, कारण नळीच्या तोंडातून बाहेर पडताना वायूचा शेवटचा धक्का तेथेच बसतो. नाकाच्या टोकाची थोडीफार उणीव त्या मानाने खपून जाते. जॅकेटची जाडी सर्व बाजूंनी सारखी असावी लागते. १२ इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीतून सेकंदाला २,६०० फूट वेगाने सुटलेली गोळी मिनिटाला १,५६,००० फेरे घेते. एवढ्या गतीत गुरुत्वमध्य अक्षापासून किंचित सरकलेला असला, तरी ग्रुप (लक्ष्यावर पडलेल्या छिद्रांचा पुंजका) फाकतो.

पूर्णपणे तांब्याच्या, लेथवर कातलेल्या गोळ्याही मिळतात.

नाकाचा आकार : स्पर्शिका वक्राचे नाक सोशिक असते. गोळी केसमध्ये थोडी खोल किंवा वर बसली, तरी फारसे बिघडत नाही. छेदिका वक्राचे लांब, निमुळते नाक (व्हीएलडी म्हणजे ‘व्हेरी लो ड्रॅग’ प्रकार) हवेला कमी अडते. मात्र नळीतील आट्यांपासून ते किती अंतरावर आहे याबाबत ते फार चोखंदळ असते. बर्जर कंपनीच्या ‘हायब्रिड’ गोळ्यांत दोन्ही वक्र एकाच नाकात जोडले आहेत. हॉर्नेडीने २०१५ मध्ये उष्णतेला टिकणाऱ्या प्लास्टिक टोकाच्या मॅच गोळ्या आणल्या. जुन्या प्लास्टिकची टोके उड्डाणात हवेच्या घर्षणाने मऊ पडून आकार सोडतात, असे कंपनीला डॉप्लर रडारच्या नोंदींत आढळले होते.

बॅलिस्टिक गुणांक : हवेचा विरोध कापण्याची क्षमता दाखवणारा आकडा. डब्यावर बहुधा जी-१ गुणांक छापलेला असतो. तो सपाट बुडाच्या, आखूड नाकाच्या जुन्या प्रमाण गोळीशी ताडलेला असल्याने वेगानुसार बदलतो. निमुळत्या बुडाच्या लांब गोळीसाठी जी-७ अधिक भरवशाचा. ब्रायन लिट्झ यांच्या लेखनामुळे तो नेमबाजांत रुळला. नुसता मोठा गुणांक पाहून गोळी घेणे ही नवख्यांची नेहमीची चूक. मोठ्या गुणांकाची गोळी वाऱ्याने कमी सरकते हे खरे. पण ती त्या नळीतून घट्ट ग्रुप देत नसेल, तर हा फायदा कागदावरच राहतो.

नळीचा पीळ : गोळी स्थिर राहण्यासाठी नळीतील आट्यांना किती पीळ हवा, हे काढण्याचे जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेले सूत्र दीर्घकाळ वापरात होते, आता डॉन मिलर यांचे सूत्र अधिक चालते. गोळीची स्थिरता दाखवणारा स्थैर्यांक सु. १.५ असावा असे धरतात. गोळीच्या वजनापेक्षा तिची लांबी येथे महत्त्वाची ठरते, म्हणून लांब गोळीला जलद पीळ लागतो. थंड, दाट हवेत स्थैर्य घटते. उन्हाळ्यात नीट चालणारी गोळी हिवाळ्याच्या पहाटे डगमगू शकते.

१६८ ग्रेनची मॅचकिंग : ०.३०८ इंच व्यासाची सिएरा कंपनीची ही गोळी १९५९ मध्ये ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी घडवली गेली आणि त्या कामात ती नावाजली. पुढे अमेरिकी लष्कराच्या एम-८५२ या मॅच काडतुसात तीच होती. अचूक गोळी म्हणजे १६८ ग्रेन, असे समीकरण अनेकांच्या डोक्यात बसले आणि लोक तिला हजार यार्डांवरही नेऊ लागले. तेथे ती फसते. तिचे बूड १३ अंशांनी निमुळते होते. वेग ध्वनीच्या वेगाजवळ (१५ अंश सेल्सिअसला सेकंदाला सु. ३४० मीटर) उतरला, की हा तीव्र उतार तिला अस्थिर करतो. ०.३०८ विंचेस्टरच्या नेहमीच्या वेगाने सुटलेली गोळी हजार यार्डांच्या अलीकडेच या पट्ट्यात शिरते. मग लक्ष्यावर छिद्रे लांबट, आडवी पडलेली दिसतात. काही गोळ्या लक्ष्य गाठतच नाहीत. १७५ ग्रेनच्या मॅचकिंगमध्ये बुडाचा कोन ९ अंशांचा आहे. जी-१ गुणांक ०.४६२ वरून ०.५०५ वर गेला हा लाभ आहेच, पण ध्वनिवेगाच्या पट्ट्यातून ती शाबूत पार होते हे अधिक मोलाचे. एम-११८ एलआर या लष्करी काडतुसात तीच घेतली आहे. सहाशे यार्डांपर्यंत मात्र १६८ ला आजही नावे ठेवायला जागा नाही.

निवड व चाळणी : आधी अंतर, मग नळीचा पीळ, मग चेंबर व मॅगझीनची लांबी आणि शेवटी गुणांक, हा क्रम सोयीचा. शंभर-दोनशे यार्डांच्या बेंचरेस्टमध्ये (रायफल मेजावर टेकवून केलेल्या नेमबाजीत) सपाट बुडाच्या गोळ्या चालतात, कारण ते बूड निर्दोष घडवणे सोपे असते. डब्यातील गोळ्या टोकापासून बुडापर्यंत मोजल्या, तर आकडे वरखाली होतात, कारण टोकाच्या छिद्राची कडा खडबडीत असते. म्हणून कॅलिपरला कंपॅरेटर लावून बुडापासून नाकाच्या ठरावीक व्यासापर्यंतची लांबी मोजतात आणि त्यानुसार गोळ्यांचे गट पाडतात. वजनानुसार वेगळे करणे, टोके छाटणे वा अणकुचीदार करणे यांचा उपयोग किती, याबाबत मतभेद आहेत. नवा लॉट आला की मोजणी व चाचणी पुन्हा करावी. गोळी बदलली की दारूचे जुने माप तसेच चालवू नये; उत्पादकाच्या पुस्तिकेतील किमान मापापासून सुरुवात करावी. सारख्या वजनाच्या दोन गोळ्यांची नळीला टेकणारी लांबी वेगळी असेल, तर दाबही वेगळा येतो.

स्पर्धा-नियम : पाल्मा या लांब पल्ल्याच्या प्रकारात ८००, ९०० व १,००० यार्ड, गोळी १५६ ग्रेनपेक्षा कमी. त्यामुळे १५५ ग्रेनच्या खास गोळ्या निघाल्या. एफ-क्लास या टेकू लावून खेळण्याच्या लांब पल्ल्याच्या प्रकाराच्या खुल्या गटात व्यास ८ मिमीपर्यंत.

टोकाच्या छिद्राचा वाद : शरीरात शिरून पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने बंदी घातली, कोलकात्याजवळील दमदम येथे बनलेल्या गोळ्या त्या चर्चेच्या केंद्रस्थानी होत्या. मॅच गोळीचे छिद्र घडणीच्या पद्धतीतून उरलेले असून पसरण्यासाठी नाही, असे मत अमेरिकी लष्कराच्या विधी विभागाने दिले. ते सर्वांनाच मान्य आहे असे नाही.

भारतात : दारूगोळा बनवण्याला शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो. महाराष्ट्राला रायफलीतील काही मोठी पदके ५० मीटर प्रकारांत मिळाली : कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत (विश्वविजेतेपद, म्यूनिक २०१०) आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे (ऑलिंपिक कांस्य, पॅरिस २०२४). ५० मीटर प्रकारांत वापरल्या जाणाऱ्या ०.२२ रिमफायर काडतुसात प्रायमरचे मिश्रण केसच्या कडेतच भरलेले असल्याने ते हाताने भरण्याची सोय नाही. नेमबाज कारखान्याचे निरनिराळे लॉट आपल्या नळीतून मारून पाहतात आणि जुळला तो लॉट साठवून ठेवतात.