गोवर्धनचे विद्यापीठ आणि रविवारचे वर्ग

नाशिकमध्ये शिक्षणसंस्थांची वानवा कधी नव्हती. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ मध्ये उभा राहिला, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ मध्ये. सोसायटीने १९२४ मध्ये सुरू केलेले कॉलेज आज सगळे ‘एचपीटी’ म्हणूनच ओळखतात. विद्यापीठ मात्र दूर होते. आधी नाशिकचा विद्यार्थी पदवीसाठी मुंबई विद्यापीठाकडे पाही आणि १९४९ नंतर पुण्याकडे. कॉलेजात जाता येणे शक्य नसेल, तर परीक्षा ‘बाहेरून’ द्यायची.

बाहेरून म्हणजे खरोखरच बाहेरून. फॉर्म भरायचा, कुणाच्या तरी जुन्या वह्या मिळवायच्या, दुकानातून गाइड आणायचे आणि थेट परीक्षेला बसायचे. काही अडले तर विचारायला माणूस नसे. पत्रद्वारा शिक्षणाने ही अडचण थोडी कमी केली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये असा प्रयोग केला आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. तरीही बारावीची पायरी तशीच राहिली. शाळा अर्ध्यात सोडून शेतात, कारखान्यात किंवा चुलीपाशी गेलेल्या माणसाला हे टपालही येत नव्हते.

ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ निघाले, ते अशाच लोकांसाठी. भारतात १९८२ मध्ये हैदराबादला पहिले मुक्त विद्यापीठ सुरू झाले, १९८५ मध्ये दिल्लीला इग्नू आले आणि १९८७ मध्ये पाटणा व कोटा येथे आणखी दोन विद्यापीठे निघाली. पाचवे महाराष्ट्राचे. विधिमंडळाच्या कायद्याने १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नाशिकला आले. गंगापूर धरणाजवळच्या गोवर्धन गावी त्याचा परिसर उभा राहिला, त्याचे नाव ज्ञानगंगोत्री.

नाव आणि गाव यांचा मेळ जुना होता. चीन युद्धाच्या वेळी यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठवले. त्याआधी ते मुख्यमंत्री असताना मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले, शिवाजी विद्यापीठ आकाराला आले आणि आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना फीमाफी मिळाली. लहानपणीच वडील गेल्यावर आईने कष्टाने शिकवलेला देवराष्ट्र्याचा हा मुलगा. शिक्षण सर्वांपर्यंत पोचवू पाहणाऱ्या विद्यापीठाला त्याचे नाव मिळाले, हे उचितच होते.

पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळून ते नाशिकला आले होते आणि पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले. प्रवेश सोपा करणे एका ठरावाने जमते. खरा पेच त्याच्या पुढचा होता. जो विद्यार्थी रोज समोर बसणार नाही, त्याला विद्यापीठाने शिकवायचे कसे? पहिले उत्तर पुस्तकाने दिले.

या विद्यापीठाचे पाठ्यपुस्तक उघडून पाहावे. त्यात प्रकरणे नसतात, घटक असतात. प्रत्येक घटक उद्दिष्टांनी सुरू होतो: हा भाग वाचून झाल्यावर तुम्हांला काय काय सांगता यायला हवे. मग प्रास्ताविक, मग विषयविवेचन आणि मध्येच स्वयं-अध्ययनाचे प्रश्न. त्यांची उत्तरे पुढे त्याच पुस्तकात दिलेली असतात. वाचणाऱ्याने आधी स्वतः लिहायचे, मग ताडून पाहायचे आणि चुकले असेल तर दोन पाने मागे जायचे. शेवटी सारांश, पारिभाषिक शब्दांचे अर्थ आणि पुढच्या वाचनासाठी पुस्तकांची नावे. वर्गात शिक्षक जे तोंडी करतो, ते इथे कागदावर आणावे लागले, तेही मराठीत. ज्या विषयांची पदवीची पुस्तके तोवर इंग्रजीतूनच चालत, त्यांच्यासाठी हे काम साधे नव्हते.

दुसरे उत्तर अभ्यासकेंद्राचे. विद्यापीठाने गावोगावी स्वतःच्या इमारती बांधल्या नाहीत. जिथे कॉलेज किंवा शाळा होती, तिचेच वर्ग सुट्टीच्या दिवशी वापरायला घेतले. तिथे शिकवणारा तो संमंत्रक आणि त्याचा तास म्हणजे संमंत्रण सत्र. केंद्रांचा कारभार पाहायला विभागीय केंद्रे आली: मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, औरंगाबाद, नांदेड, अमरावती, नागपूर.

रविवारी सकाळी एखाद्या तालुक्याच्या केंद्रात डोकावले, तर बाकांवर बसलेली मंडळी एका वयाची नसतात. एसटीचा वाहक, अंगणवाडी सेविका, दुकान नोकरावर सोपवून आलेला गृहस्थ, लहान मूल सासूकडे ठेवून आलेली सून. बाक शाळकरी पोरांच्या मापाचे, गुडघे अडकतात. संमंत्रकाने सगळा घटक पहिल्यापासून शिकवायचा नसतो. पुस्तक वाचताना जिथे अडले तिथे हात द्यायचा असतो. पहिले काही रविवार विद्यार्थी फारसे बोलत नाहीत. इतक्या वर्षांनी हातात पेन धरल्याचा संकोच असतो. स्वाध्याय तपासून परत मिळाला, त्यावर लाल शाईने दोन ओळी लिहिलेल्या दिसल्या, की प्रश्न यायला लागतात.

बारावी न झालेल्यांसाठी विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रम आणला. वयाची अठरा वर्षे पूर्ण, लिहिता-वाचता येते, एवढ्यावर त्यात प्रवेश. तो पार केला की पुढे बीए. महाराष्ट्रात अनेक घरांत आईने मुलांच्या बरोबरीने किंवा त्यांच्या मागून पदवी घेतली, ती याच वाटेने. नोकरीतल्या शिक्षकांसाठी बीएड आले. शेतकऱ्यांसाठी माळीकामाच्या प्रमाणपत्रापासून फळबाग आणि भाजीपाला उत्पादनाच्या पदविकेपर्यंत शिक्षणक्रम निघाले. द्राक्ष आणि कांद्याच्या या जिल्ह्यात विद्यापीठाकडे कृषी विज्ञान केंद्रही आले. कारागृहातही अभ्यासकेंद्रे पोचली, नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातसुद्धा. कैद्यालाही तीच पुस्तके, तीच प्रश्नपत्रिका. पदवीच्या कागदावर तुरुंगाचा उल्लेख नसतो, आणि बाहेर आल्यावर काम शोधणाऱ्या माणसाला या गोष्टीचे मोल फार असते.

सगळी केंद्रे सारखी चालली नाहीत. कुठे सत्रे नेमाने भरली, कुठे ती वेळापत्रकातच राहिली. पुस्तके उशिरा पोचली की ओझे पुन्हा गाइडवर पडे आणि विद्यार्थी जुन्या बहिःस्थ परीक्षार्थीसारखा एकटा होई. दूरशिक्षणातली गळती हा जगभरचा जुना प्रश्न आहे. पहिल्या काही महिन्यांत विचारपूस करणारे कुणी भेटले नाही, तर नाव नोंदवलेला माणूस निमूटपणे नाहीसा होतो.

आता पुस्तके पडद्यावर उतरतात, प्रवेश ऑनलाइन होतो, तासांची चित्रफीत मोबाइलवर दिसते. सुरगाणा-पेठच्या विद्यार्थ्याचा गोवर्धनला हेलपाटा वाचला, ही मोठी सोय झाली. पण खर्च कमी करायची वेळ येते तेव्हा संमंत्रण सत्रांवर आधी कात्री चालवणे चुकीचे आहे. चित्रफीत थांबवून तिला शंका विचारता येत नाही. पंचवीस वर्षांनी पुन्हा अभ्यासाला बसलेल्या बाईचा स्वाध्याय वाचून ‘दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा लिहा, जमेल’ असे सांगायला संमंत्रकच लागतो. त्याचे मानधन, त्याचे प्रशिक्षण आणि रविवारी उघडा मिळणारा वर्ग यांची तरतूद विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात कायम राहायला हवी.