निजाम सर्किट आणि काचीगुड्याची फिल्मपेटी

हैदराबाद संस्थान कधी संपलं, असं कुणी विचारलं तर आपण दोन तारखा सांगतो. 17 सप्टेंबर 1948 ला निजामानं शरणागती पत्करली आणि 1 नोव्हेंबर 1956 ला राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूरकडे गेले आणि तेलंगणा आंध्र प्रदेशात आला. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा इथली मराठी घरं होती तिथंच राहिली; नातेवाईक मात्र एका रात्रीत परराज्यातले झाले.

एका धंद्यानं मात्र ही वाटणी कधी मानली नाही. तो म्हणजे सिनेमाचा. हिंदी चित्रपटांच्या वितरणात देशाचे जे भाग पाडले आहेत, त्यांत 'निजाम' नावाची टेरिटरी पुढंही कायम राहिली. त्यात तेलंगणा, मराठवाडा आणि कर्नाटकातला जुना निजामी मुलूख एकत्र धरतात. विदर्भ तसाच 'सीपी-बेरार'मध्ये धरतात. नकाशावरून पुसलेली नावं वितरकाच्या वहीत शिल्लक राहिली. वाडवडिलांच्या कोर्टकचेऱ्यांच्या कागदांत आपण संस्थान शोधतो, तसं ते इथंही शोधायला हवं, एवढंच मला या टिपणात मांडायचं आहे.

माझ्यापुरती या शोधाची सुरुवात काचीगुड्याच्या बसंत टॉकीजपासून होते. आज ते नाही. सुलतान बाजाराच्या बाजूचं दिलशाद, रॉयल, आबिड्सचं जमरूद महल, बशीरबागेचं स्कायलाइन ही नावंही आता जुन्या माणसांच्या पत्ता सांगण्यातच उरली आहेत. मोठे, नवे सिनेमे आबिड्सकडे लागायचे. मोहल्ल्यातल्या टॉकीजच्या वाट्याला जुने, स्वस्तात मिळणारे यायचे: दारासिंगचे मारधाडीचे, नाग-नागिणीचे, पुढं रामसे बंधूंचे भुताखेतांचे. 'पुराना मंदिर' 1984 चा. घरी त्याचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून आम्ही पोरं लायब्ररीत जातो म्हणून सांगायचो.

तेलुगूत असले चित्रपट म्हणजे बी. विठ्ठलाचार्य. माणूस मूळचा उडुपीकडचा. राजकुमार, मांत्रिक, राक्षस, उडते गालिचे हे सगळं तो अगदी थोड्या पैशांत उभं करायचा. त्याचे कितीतरी नायक कांताराव, म्हणजे आपल्या तेलंगणातल्या कोदाडकडचे. एखाद्या नटानं तारखा द्यायला कुरकुर केली, की विठ्ठलाचार्य गोष्टीत मांत्रिकाकडून त्याचा पोपट नाहीतर अस्वल करून टाकायचा आणि चित्रपट पुढं चालू, असं गमतीनं सांगतात. 1978 चा 'जगन्मोहिनी' पाहून आम्ही कितीतरी रात्री अंगणातल्या मोरीकडे एकटे गेलो नाही.

हिंदीतले चमत्कार बाबूभाई मिस्त्रींचे. वस्तू हवेत उडवायला ते काळा दोरा वापरायचे, म्हणून त्यांना 'काला धागा'च म्हणत. दारासिंगचा 'किंग काँग' (1962) त्यांनीच केलेला.

मी पुढं इंजिनियर झालो, त्यामुळे असेल, पण मला पडद्याइतकीच मागची खोली आठवते. कार्बनच्या दोन कांड्यांमधली डोळे दिपवणारी ठिणगी, गरम तेलाचा वास आणि ऑपरेटरचा हात. फिल्म तुटली की अंधारात ओरडा व्हायचा, "मियाँ, सो गए क्या?" तो फाटलेल्या चौकटी कापायचा, टोकं सिमेंटनं चिकटवायचा आणि पुन्हा चालू. 35 मिमीच्या फिल्ममध्ये एका फुटात 16 चौकटी असतात आणि सेकंदाला 24 जातात. एका तुटीत आठ चौकटी गेल्या तर अर्धा फूट, म्हणजे सेकंदाचा तिसरा भाग गेला. जोड दिलेली जागा कमजोर. ती पुन्हा तिथंच तुटते. तीन गावांत तीनदा तुटली की अख्खा एक सेकंद गायब.

हा हिशेब मला फार उशिरा सुचला. 1980 च्या आसपास आमच्या टॉकीजला 'फौलाद' लागला होता. चित्रपट 1963 चा, पण गर्दी तरीही. त्यातल्या एका मारामारीत दारासिंगची मूठ वर उठायची आणि समोरचा एकदम जमिनीवरच दिसायचा. मधला ठोसाच नाही! त्या उन्हाळ्यात काचीगुड्याहून मीटरगेजच्या गाडीनं आम्ही नांदेडला मामांकडे गेलो. तिथं मामांनी कौतुकानं 'फौलाद'च दाखवला. मूठ उठली आणि माणूस जमिनीवर. डाव्या बाजूची उभी रेघही तीच. मी मोठ्यानं म्हणालो, "मामा, हा आमचाच सिनेमा आहे!" मामा हसले. "अरे, सिनेमा सगळ्यांचाच असतो."

आज वाटतं, दोघांचंही बरोबर होतं. प्रिंट एकच होती. लोखंडी पेटीत बसून ती बहुधा आमच्यासारखीच काचीगुड्याहून निघाली असेल. राज्य वेगळं झालेल्या मुलुखात ती जुन्याच वाटेनं गेली आणि जाताना आमच्या मोहल्ल्यातली तूट बरोबर घेऊन गेली. हैदराबादच्या आणि नांदेडच्या पोरांनी एकच ठोसा गमावला. 1956 नंतर आमच्यात आणि मामांच्यात सामाईक राहिलेल्या गोष्टींत ही एक धरायला माझी हरकत नाही.

टॉकीज पाडलं की फक्त खुर्च्या आणि पडदा जात नाही. रोजच्या वसुलीचा कागद, ज्याला धंद्यात डीसीआर म्हणतात, तो जातो. कुठली पेटी कुठून आली, कुठं गेली याच्या पावत्या जातात. मोठ्या चित्रपटांची वर्तमानपत्रांत परीक्षणं तरी सापडतात. या चित्रपटांची कुणी दखलच घेतली नाही. त्यांचा इतिहास होता तो या रद्दीतच.

म्हणून मंडळाच्या सभासदांना विनंती. घरात जुनी तिकिटं, हँडबिलं, रेल्वे पार्सलच्या पावत्या असतील तर टाकू नका. आणि नांदेड, परभणी, बीड, बीदरकडे नात्यातली म्हातारी माणसं असतील तर त्यांना एवढंच विचारा: दारासिंगचा ठोसा तुमच्याकडे पुरा दिसला होता का?